निळी ज्वाळा, हिरवा सूर्य

मोबाइलवर अधूनमधून एक फोटो फिरत फिरत येतो. काळोखातल्या उतारावरून झगझगीत निळा ओघ खाली घरंगळतोय आणि वर मथळा: ‘निळा लाव्हा ओकणारा ज्वालामुखी’. फोटो बहुतेक वेळा खरा असतो, मथळा मात्र खोटा. निळा लाव्हा जगात कुठेही वाहत नाही आणि पुढेही वाहणार नाही. ज्या ठिकाणचा तो फोटो आहे तिथे जे जळतं ते लाव्हाहून कमी नवलाचं नाही. म्हणूनच असल्या मथळ्यांचा राग येतो.

आधी लाव्हाच्या रंगाचं बघू. कुठलीही घन किंवा द्रव वस्तू पुरेशी तापली की स्वतःच उजळते आणि तिचा रंग मुख्यतः तापमानावर ठरतो, ती कशाची बनली आहे यावर फारसा नाही. साधारण ५५० अंश सेल्सिअसच्या आसपास काळोखात मंद तांबूस झाक दिसू लागते. आठशे-नऊशे अंशांना ती लालभडक होते, हजारापुढे नारिंगी आणि साडेअकराशेच्या पुढे पिवळ्याकडे झुकते. हवाईतल्या किलाउआचा ताजा लाव्हा याच शेवटच्या पट्ट्यात येतो. पृष्ठभाग थंड होऊ लागला की तोच प्रवाह पिवळ्याचा नारिंगी, मग लाल आणि शेवटी काळा होतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा, तोही निळा नाही, पांढरा आहे. तापून निळा दिसायचा तर त्याहून कितीतरी जास्त उष्णता हवी, आणि तिथे पोचण्याच्या खूप आधी खडकाची वाफ झालेली असेल.

याच नियमाची दुसरी बाजू टांझानियात दिसते. मसाई लोक ज्याला देवाचा डोंगर मानतात तो ओल दोइन्यो लेंगाई हा ज्वालामुखी जवळपास काळा लाव्हा ओकतो. बाकी सगळीकडचा लाव्हा सिलिकेटचा असतो, इथला सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटांचा आहे. त्याचं तापमान फक्त पाचशे ते सहाशे अंश. दिवसा त्याची लाली दिसतच नाही, पातळ काळा चिखल वाहतोय असं वाटतं. रात्री अगदी मंद तांबूस कडा दिसते. तो इतका पातळ असतो की उतारावरून जवळजवळ पाण्यासारखा धावतो. खरी गंमत नंतर घडते. थिजलेला काळा थर हवेतला ओलावा शोषतो आणि काही तासांत पांढरट पडू लागतो. काही दिवसांत तो पार पांढरा होतो. कालचा काळाभोर प्रवाह आज चुन्याने सारवल्यासारखा दिसतो. त्यातल्या एका खनिजाला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून न्येरेराइट असं नाव दिलेलं आहे.

आता त्या निळ्या फोटोकडे. तो पूर्व जावातल्या कावा इजेन या ज्वालामुखीचा. इथे लाव्हा वाहत नाही, जळतं ते गंधक. विवराच्या तळाशी असलेल्या भेगांमधून गंधकाने लदलेले वायू बाहेर पडतात. त्यांचं तापमान काही ठिकाणी सहाशे अंशांच्या आसपास भरतं. हवेतला प्राणवायू भेटला की ते पेटतात, आणि ज्वाळा कधी कधी पाच मीटरपर्यंत चढतात. वायूचा काही भाग थंड होऊन द्रव गंधक बनतो, तो जळत जळत उतारावरून खाली ओघळतो. लांबून बघणाऱ्याला लाव्हा वाटतो तो हाच. फ्रेंच छायाचित्रकार ओलिव्हिए ग्रुनवाल्ड यांच्या फोटोंनी हे ठिकाण जगभर पोचवलं. हा लाव्हा नव्हे, असं त्यांनी स्वतः सांगूनही मथळे देणाऱ्यांनी आपलंच खरं केलं.

ज्वाळा निळी का, हे समईच्या ज्योतीवरून नीट कळतं. ज्योतीचा पिवळा उजेड असतो तापून उजळलेल्या कार्बनच्या सूक्ष्म कणांचा. वर वाटी धरली तर तेच कण काजळ होऊन तिला चिकटतात. गंधकात कार्बनच नाही, त्यामुळे काजळी नाही आणि पिवळेपणाही नाही. जळताना गंधकाचे उत्तेजित रेणू जो निळा-जांभळा प्रकाश सोडतात तेवढाच उरतो. तो फिका असतो. दिवसाउजेडी ज्वाळा असतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पर्यटक मध्यरात्रीनंतर विजेऱ्या घेऊन डोंगर चढतात आणि फटफटायच्या आत तळाशी पोचायची घाई करतात. हवाईत २०१८ साली किलाउआच्या उद्रेकात रस्त्याच्या भेगांमधूनही निळ्या ज्वाळा निघत होत्या, पण त्या मिथेनच्या. लाव्हाखाली गाडल्या गेलेल्या झाडाझुडपांपासून तो वायू तयार झाला होता. म्हणजे रंग तोच, इंधन निराळं.

पर्यटकांच्या आधीपासून इजेनच्या विवरात माणसं राबतायत ती गंधकासाठी. वायूच्या तोंडांवर नळ बसवलेले आहेत. त्यांतून जाताना वायू निवतो आणि नळाच्या टोकातून द्रव गंधक टपकतं. हा टप्पा जवळून बघण्यासारखा आहे. बाहेर येणारा थेंब पिवळा नसतो, गडद तांबडा असतो. गंधकाच्या रेणूत आठ अणूंचं कडं असतं. साधारण ११५ अंशांना गंधक वितळतं तेव्हा ही कडी शाबूत असतात, म्हणून द्रव पातळ आणि पिवळा असतो. तापमान १६० अंशांच्या पुढे गेलं की कडी तुटतात, एकमेकांना जोडली जातात आणि लांबच लांब साखळ्या बनतात. द्रव एकदम घट्ट होतो आणि रंग लालसर तपकिरी होत जातो. जमिनीवर पडून निवताना हाच प्रवास उलटा होतो: तांबडं, नारिंगी, गडद पिवळं आणि शेवटी दुकानात दिसतो तो लिंबासारखा फिका पिवळा. वस्तू तीच, भेसळ काही नाही. अणूंची मांडणी बदलली की रंग बदलला.

कामगार पहारीने त्याचे ढेपसे फोडतात, बांबूच्या कावडीला दोन टोपल्या लावून भरतात आणि सत्तर ते नव्वद किलोचं ओझं खांद्यावर घेऊन विवराची चढण चढतात. पैसे किलोवर मिळतात. धूर अंगावर आला की बरेच जण तोंडाला ओलं फडकं बांधतात. अलीकडे वरच्या वाटेवर हातगाड्या आल्या आहेत, पण तळापासून काठापर्यंत खांदाच. या गंधकाचा एक मोठा ग्राहक म्हणजे साखर कारखाने. जळत्या गंधकाचा वायू उसाच्या रसात सोडून रस स्वच्छ आणि फिकट करतात. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातल्या कारखान्यांतही पांढरी साखर बहुतांशी याच पद्धतीने होते. निळी ज्वाळा तिथेही पेटतेच, फक्त भट्टीच्या आत.

त्याच विवरात, ज्वाळांपासून थोड्याच अंतरावर, सुमारे एक किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. रंग दुधाळ फिरोजी, पोहायचा मोह व्हावा असा. पण त्या पाण्याची आम्लता पीएच मोजपट्टीवर एकाच्याही खाली जाते, कारण हायड्रोक्लोरिक आणि गंधकाम्ल त्यात सतत मिसळत असतं. जगातल्या तीव्र आम्लाच्या विवर-सरोवरांत ते सगळ्यांत मोठं मानलं जातं. अशा सरोवरांचा निळा-हिरवा रंग दोन गोष्टींनी येतो. पाण्यात तरंगणारे गंधकाचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि विरघळलेल्या लोहामुळे त्यात पिवळसर-हिरवी छटा मिसळते. कण किती, लोह किती आणि कोणत्या अवस्थेतलं, यावर सरोवर निळं दिसेल की पोपटी ते ठरतं.

लोहाच्या या अवस्थांचा सगळ्यांत प्रसिद्ध खेळ फ्लोरेस बेटावरच्या केलिमुतू डोंगरावर चालतो. १,६३९ मीटर उंचीच्या या डोंगराच्या माथ्यावर तीन सरोवरं आहेत, त्यातली दोन तर एका पातळ भिंतीच्या अल्याड-पल्याड. तरीही तिघांचे रंग वेगळे, आणि ते एकमेकांना न विचारता बदलतात. एखाद्या वर्षी एक फिरोजी, दुसरं हिरवं, तिसरं जवळजवळ काळं. काही वर्षांनी बघावं तर हिरव्याचं तपकिरी-लाल झालेलं. डोंगराच्या अंगाखांद्यावर राहणारे लिओ लोक मानतात की मेलेल्यांचे आत्मे इथे मुक्कामाला येतात: म्हाताऱ्यांसाठी एक सरोवर, तरुणतरुणींसाठी दुसरं आणि करणी करणाऱ्या वाईट माणसांसाठी तिसरं. इंडोनेशियाच्या पाच हजार रुपियाच्या नोटेवर १९९२ पासून काही वर्षं हीच सरोवरं छापलेली होती. आपल्या नोटेवरचं चित्र प्रत्यक्षातल्या रंगाशी जुळत नाही अशी तक्रार तिथे कोणी करायला जागाच नव्हती.

रंग बदलण्याचं कारण साधं आहे. सरोवराच्या तळाशी ज्वालामुखी वायू सोडत असतो. त्यातला गंधकाचा वायू प्राणवायूला पुरून उरला की लोह हिरवट अवस्थेत राहतं. वायूचा जोर ओसरला, पावसाचं पाणी आणि हवेतला प्राणवायू वरचढ झाला की तेच लोह गंजाच्या अवस्थेत जातं आणि पाणी तांबडं-तपकिरी होतं. प्रत्येक विवराची खालची नळी वेगळी, म्हणून तिघांचं वेळापत्रक वेगळं. वानुआतूमधल्या अंबाए बेटावरचं वुई सरोवर २००६ साली फिरोजी होतं ते काही आठवड्यांत लाल झालं, त्याच्याही मुळाशी लोहाचीच उलथापालथ होती.

लोहाची ही गंजलेली बाजू बघायला आपल्याला लांब जावं लागत नाही. सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या बेसाल्टच्या दोन थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा वाहून गेल्यावर पुढचा येईपर्यंत मधे जो काळ गेला, त्यात वरचा खडक झिजला, त्यातलं लोह गंजलं आणि मग नव्या लाव्हाने ते सगळं झाकून टाकलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा गंज तो. याच बेसाल्टच्या पोकळ्यांत पुढे हळूहळू स्फटिक वाढले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत सापडणारं कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक शोधत असतात. त्याचा गडद निळा रंग व्हॅनेडियमचा. जिवंत ज्वालामुखी आपल्याकडे अंदमानच्या बॅरन बेटावर तेवढा एक.

पाण्यातल्या कणांकडे परत येऊ, कारण पुढच्या हिरव्या सूर्याचं कोडं तिथूनच सुटतं. कोस्टारिकात तेनोरियो ज्वालामुखीच्या पायथ्याशी रिओ सेलेस्ते नावाची आभाळी निळी नदी आहे. दोन ओढे एकत्र येतात, दोन्ही नितळ. आणि संगमाच्या जागी, एका रेषेवर, पाणी निळं होतं. बाटलीत भरून घेतलं तर पुन्हा रंगहीन. बरीच वर्षं लोक म्हणत की पाण्यात तांबं आहे. संशोधकांनी तपासलं तेव्हा कळलं की एका ओढ्यात अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि प्राणवायूचे सूक्ष्म कण तरंगत असतात, दुसऱ्याचं पाणी आम्लधर्मी आहे. ते मिसळल्यावर कण एकमेकांना चिकटतात आणि सरासरी १८४ नॅनोमीटरचे ५६६ नॅनोमीटरचे होतात. ही वाढ दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या हद्दीतली आहे, त्यामुळे कण प्रकाश वेगळ्या रीतीने विखुरू लागतात. नदीत नवा पदार्थ आलेला नाही, फक्त कणांचं माप बदललं.

आता हेच कण आकाशात न्यायचे. २७ ऑगस्ट १८८३ रोजी सकाळी क्राकाताउ हा ज्वालामुखी फुटला. तो आवाज हजारो किलोमीटरवर हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटापर्यंत ऐकू गेला आणि त्सुनामीने जावा-सुमात्राचे किनारे धुऊन नेले. ३६ हजारांहून जास्त माणसं मेली. राखेपेक्षा पुढच्या गोष्टीत महत्त्वाचा आहे गंधकाचा वायू. तो वातावरणाच्या वरच्या, ढगांपलीकडच्या थरात पोचला आणि तिथे त्याचे गंधकाम्लाचे बारीक थेंब बनले. तिथे पाऊस नसल्याने हे थेंब धुतले जात नाहीत, महिनोन्‌महिने फिरत राहतात.

सप्टेंबरच्या सुरुवातीला उष्ण कटिबंधातून चमत्कारिक बातम्या येऊ लागल्या. पनामाजवळ सूर्य निळा दिसला. ५ सप्टेंबरला होनोलुलूत निळसर-हिरवा सूर्य. त्यानंतर श्रीलंका आणि मद्रास. मद्रासमध्ये सरकारी खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन पॉग्सन यांनी हिरव्या सूर्याची नोंद केली, तर सी. मिची स्मिथ यांनी त्याच्याकडे वर्णपटदर्शकातून पाहिलं. सूर्य उगवताना आणि मावळताना हिरवा, त्यावर डोळे टिकत. थोडा वर चढला की निळसर.

कारण आधीच हाती आलं आहे. हवेच्या रेणूंसारखे अगदी लहान कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून मावळतीचा सूर्य लाल होऊन आपल्यापर्यंत पोचतो. पण कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा किंचित मोठे असले आणि सगळे जवळपास एकाच मापाचे असले, तर उलटं होतं: लाल जास्त विखुरला जातो आणि सरळ येणाऱ्या किरणांत निळा-हिरवा उरतो. मापं सरमिसळ असली की हा परिणाम एकमेकांत विरून जातो, म्हणून निळा सूर्य इतका दुर्मीळ. तो ज्वालामुखीच्याच नावे लिहिलेला आहे असंही नाही. सप्टेंबर १९५० मध्ये कॅनडातल्या अल्बर्टाच्या जंगलातल्या वणव्याचा धूर अटलांटिक ओलांडून गेला आणि स्कॉटलंडमध्ये लोकांनी भरदिवसा निळा सूर्य पाहिला.

होनोलुलूत राहणारे धर्मोपदेशक सेरेनो बिशप यांनी आणखी एक गोष्ट टिपली. सूर्याभोवती निळसर पांढरी तबकडी आणि तिच्या बाहेरच्या काठाला तपकिरी-लाल कडा. चंद्राला पडणाऱ्या नेहमीच्या खळ्यापेक्षा हे वेगळं. या कड्याला आजही ‘बिशपचं कडं’ म्हणतात, आणि त्याच्या रुंदीवरून वरच्या थेंबांचं माप काढता येतं: साधारण एक मायक्रॉनच्या आसपास.

पण मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत आवडते ती तारखांची गोष्ट. लंडनच्या रॉयल सोसायटीने जी. जे. सायमन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १८८८ मध्ये निघाला. समितीने जहाजांच्या नोंदवह्या, वर्तमानपत्रं, पत्रं, जे मिळालं ते गोळा केलं आणि कुठे कोणत्या दिवशी सूर्य रंगीत दिसला ते नकाशावर मांडलं. ठिपके एका रांगेत लागले. रंगीत सूर्य क्राकाताउपासून पश्चिमेकडे निघाला, हिंदी महासागर, आफ्रिका, अटलांटिक, पनामा, प्रशांत महासागर ओलांडत सुमारे दोन आठवड्यांत पृथ्वीला फेरी घालून परत आला. म्हणजे विषुववृत्तावर, फुगेही पोचत नव्हते एवढ्या उंचीवर, ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने पूर्वेकडून वारा वाहत होता, आणि कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. पुढे विसाव्या शतकात कळलं की हा वारा सुमारे २८ महिन्यांच्या चक्रात दिशा बदलतो. १८८३ साली तो पूर्वेकडून होता, एवढंच. पावसाळ्याच्या आणि वादळांच्या अभ्यासात आजही त्याचा हिशोब धरतात.

नोव्हेंबरपर्यंत थेंब उत्तरेकडे पसरले आणि युरोप-अमेरिकेत संध्याकाळी आकाश पेटल्यासारखं दिसू लागलं. न्यू यॉर्क राज्यात पकिप्सीला लोकांनी कुठेतरी मोठी आग लागली असं समजून आगीचे बंब बोलावले. लंडनच्या चेल्सीत विल्यम अॅस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार टेम्सच्या काठी बसून मावळतीची झटपट रंगचित्रं काढत राहिला, शेकडो काढली. रंगीत फोटो नव्हते तेव्हा आकाशाची हीच मोजणी. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला तेव्हा असेच जांभळे संधिप्रकाश जगभर दिसले, आणि त्या वेळी उपग्रहांनी थेंबही मोजले. त्यांनी अडवलेल्या उन्हामुळे पृथ्वीचं सरासरी तापमान तात्पुरतं सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

  

रंग पाहून पुढचं ओळखता येतं का, हा प्रश्न जावातल्या लोकांसाठी हौसेचा नाही. पूर्व जावातल्याच केलुद ज्वालामुखीच्या विवरात सरोवर होतं. १९१९ च्या उद्रेकात ते पाणी राख-चिखलासह खालच्या गावांवर लोटलं आणि पाच हजारांवर माणसं गेली. त्यानंतर डच सरकारने डोंगरातून बोगदे खोदून सरोवराची पातळी खाली आणली. २००७ साली त्या हिरव्या पाण्याचा रंग पिवळसर, गढूळ होऊ लागला, तापमान वाढलं. ऑक्टोबरमध्ये धोक्याची सर्वोच्च पातळी जाहीर झाली आणि गावं रिकामी करायला सांगितली. मोठा स्फोट झालाच नाही. नोव्हेंबरमध्ये सरोवराच्या मधोमध लाव्हाचा घुमट वर आला आणि जवळपास सगळं पाणी त्याने संपवलं. पाण्याने इशारा दिला होता तो खरा, पण कशाचा, ते घुमट दिसल्यावरच कळलं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केलुद पुन्हा जागा झाला तेव्हा रंग बदलायला सरोवरच उरलं नव्हतं. या वेळी भिस्त भूकंपमापकांवर होती. १३ तारखेच्या रात्री सर्वोच्च इशारा दिल्यावर जेमतेम दीड तासात घुमटाच्या चिंधड्या उडाल्या. दोनशे किलोमीटरवरच्या योग्यकार्ताचा विमानतळ राखेने बंद पडला आणि बोरोबुदुरचे स्तूप ताडपत्र्यांनी झाकावे लागले. डोंगराजवळच्या गावांतले बहुतेक लोक तोवर निघून गेले होते. जे थोडे दगावले, त्यांतले काही राखेच्या वजनाने छप्पर कोसळून.